पेट्रोलमधला नवा पाहुणा

एका बाटलीत थोडं पाणी आणि थोडं गोडेतेल घाला. बूच लावून खूप हलवा आणि बाटली ठेवून द्या. थोड्या वेळानं काय दिसतं? पाणी खाली, तेल वर! पेट्रोलचं आणि पाण्याचंही असंच वाकडं आहे. (प्रयोग मात्र गोडेतेलानंच करायचा. पेट्रोलला हात लावायचा नाही, बरं का!)

आता या दोघांमध्ये तिसरा आला आहे. त्याचं नाव इथेनॉल. साखर करताना उरलेली मळी आंबवून ते तयार करतात. उसाच्या रसापासून, मक्यापासूनही ते होतं. परदेशातून खनिज तेल कमी आणावं लागावं, म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २००१ मध्ये आपल्या मिरज आणि मनमाडला याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रमाण होतं ५ टक्के. २०२२ मध्ये देशात ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये १ लिटर इथेनॉल!

इथेनॉलची पेट्रोलशी मैत्री आहे. पण पाण्याशी जरा जास्तच! हवेतली वाफसुद्धा ते ओढून घेतं. रोजच्या मोटारसायकलला याचा फारसा त्रास नाही, कारण तिच्या टाकीतलं पेट्रोल लवकर संपतं. पण फवारणीचा पंप, गवत कापायचं यंत्र, छोटा जनरेटर ही मंडळी महिनोन्‌महिने कोपऱ्यात बसून असतात. टाकीत उरलेलं पेट्रोल आणि वर पावसाळ्याची दमट हवा! पाणी फार झालं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. इंजिनाकडे पेट्रोल जातं तेही तळातूनच. मग दोरी कितीही ओढा, पंप ढिम्म! आणि नेमकी तेव्हाच पिकावर कीड पडलेली असते.

टू-स्ट्रोक इंजिनाचं तर आणखी अवघड. त्याच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच राहतं. वंगण मिळालं नाही, की पिस्टन घासून खराब होतो. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्याही इथेनॉलनं फुगतात, तडकतात.

मग करायचं काय? हे काम मोठ्यांचं, पण आठवण तुम्ही करून द्यायची. हंगाम संपला, की टाकी रिकामी करायची. मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्येही थेंब उरत नाही. पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवायचं. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं तेही पाहायचं.

आणि तुमचं खास काम? कॅनवर पेट्रोल आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. ती तयार करून आजच बाबांच्या किंवा आजोबांच्या हातात द्या. ते विचारतील, "हे कशाला रे?" मग गोडेतेलाची बाटली आणा आणि सगळं समजावून सांगा!