जड मोटारसायकल आडवी पडते तेव्हां

घरांतील तरुणानें मोटारसायकलीचा विषय काढला कीं वडील मंडळींना प्रथम भय वाटतें तें वेगाचें. हें भय अनाठायीं आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु अलीकडे 'अ‍ॅडव्हेंचर' या नांवानें जी उंच, धिप्पाड व वजनदार मोटारसायकल गांवोगांवीं दिसूं लागली आहे, तिच्या ठिकाणीं आणखी एक धोका आहे; आणि त्याकडे गाडी घेणाऱ्याचें व घेऊन देणाऱ्याचें सारखेंच दुर्लक्ष होतें. ही गाडी पुष्कळदां वेगांत पडत नाहीं. ती उभ्या जागीं पडते. फाटकापाशीं वळवितांना, पेट्रोलपंपाच्या उतारावर, मागें बसलेलें माणूस उतरत असतां, किंवा चहाच्या टपरीसमोर कोणी जवळ नसतांनाही ती आडवी होते. अशा पडण्याला अपघात म्हणावयास मन घेत नाहीं. पण त्यापायीं होणारी नुकसानी आणि प्रसंगीं मोडणारा घोटा हीं दोन्ही खरीं असतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या जातीच्या गाडीचें मूळ पाहूं गेल्यास तें जर्मनींत सांपडतें. बी.एम्.डब्ल्यू. कंपनीनें १९८० सालीं 'आर ८० जी/एस' ही गाडी काढली. त्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ 'रान आणि रस्ता' असा आहे. पुढल्याच वर्षीं पॅरिसहून डाकारला जाणाऱ्या वाळवंटी शर्यतींत ह्यूबेर ओरिऑल हा फ्रेंच स्वार याच कंपनीच्या गाडीवर पहिला आला, आणि रानावनांतून लांबचा प्रवास करणारी मोटारसायकल ही कल्पना जगभर रुजली. आपल्याकडे रॉयल एनफील्डनें २०१६ सालीं 'हिमालयन' काढली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनचें वजन १९६ किलो असून सीटची उंची ८२५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेबत्तीस इंच आहे. त्याच सालच्या 'आर १३०० जी.एस.' या जर्मन गाडीचें वजन २३७ किलो आहे. याच्या तुलनेनें खेडोपाडीं चालणारी 'स्प्लेंडर' अवघी ११२ किलोंची. म्हणजे आजवर काकांची स्प्लेंडर चालविलेल्या तरुणाच्या हातीं एकदम पावणेदोन पट ओझें येतें, आणि तेंही टांचा जमिनीला नीट टेकत नाहींत अशा उंचीवर!

हें ओझें उभें असतां मुळींच जाणवत नाहीं, हीच त्यांतील फसगत होय. गणित शाळेंतलेंच आहे. गाडीचें वजन २०० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन फुटांवर आणि हँडल साडेतीन फुटांवर आहे असें धरूं. गाडी दहा अंश कलली तर हँडलाशीं सुमारें वीस किलोंचा जोर लावून ती थोपवितां येते. वीस अंश कलली तर एकोणचाळीस किलो लागतात आणि तीस अंशांवर सत्तावन्न. त्यांतून हा जोर तिरकस उभें राहून, एका पायावर, एका क्षणांत लावावयाचा असतो. पहिल्या दहा अंशांत जी गाडी शाळकरी मुलगाही सांवरील, तीच पुढल्या दहा अंशांत तालमींतल्या गड्यालाही आटोपत नाहीं. टाकी भरलेली आणि मागें सामान लादलेलें असल्यास हा क्षण आणखी लवकर येतो.

आतां हें यंत्र आमच्या हिंगोली जिल्ह्यांत आणून उभें करूं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा कयाधू, पूर्णा व पैनगंगा या नद्यांच्या काळ्या मातीचा. अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सोडला, आणि नरसी नामदेव, औंढा नागनाथ किंवा सिद्धेश्वर धरण यांच्या आसपासच्या शिवारांत शिरलें, कीं पांदण रस्ते लागतात. काळ्या दगडाच्या झिजेंतून झालेल्या या मातींतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून जमिनीला खोल भेगा पाडते. पावसाळ्यांत ती चाकाला लिंपत जाते, चाक व मडगार्ड यांमधील जागा भरून टाकते, आणि चाक फिरावयाचेंच थांबतें. बैलगाडीचें चाक रुतलें तर गाडी उभी राहते. मोटारसायकलीचें चाक अडलें कीं ती आडवीच होते. कोरड्या दिवसांत निराळी गंमत. रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली गाडी वरून भक्कम दिसते, पण स्टँडचा टोंकदार पाय सावकाश मातींत उतरत असतो; स्वार चहाचा दुसरा घोट घेतो तों मागें धाडकन् आवाज होतो. एक चपटा दगड पायाखालीं सरकविला असता तर हें सारें टळलें असतें.

पडल्यावर काय मोडतें याचाही एक क्रम आहे. सर्वांत बाहेर आलेलें तें प्रथम जमिनीला लागतें : हँडलाचें टोंक, आरसा, क्लचची किंवा ब्रेकची लिव्हर, इंडिकेटर, फूटरेस्ट. आरसा व इंडिकेटर गेले तरी घरीं पोंचतां येतें. क्लचची लिव्हर मुळाशीं तुटली तर बारा मैलांची वाटही लांब होते. म्हणून जाणते स्वार लिव्हरचा पट्टा अगदीं करकचून आवळीत नाहींत. पडतांना लिव्हर तुटण्याऐवजीं फिरते. गिअरची दांडी आंत वांकून इंजिनाच्या झांकणावर आदळली आणि झांकणाला तडा गेला, तर तेल गळूं लागतें, व तेलावांचून चालविलेलें इंजिन जाम होण्यास वेळ लागत नाहीं. ज्या गाडींत इंजिन पाण्यानें थंड होतें तिचा रेडिएटर तपासावा. तेथें ओल दिसल्यास पुढें जाऊं नये. हँडल सरळ धरलें असतां चाक तिरपें दिसूं लागलें तर घाबरून जाण्याचें कारण नाहीं; पुढचे दांडे पकडींत फिरलेले असतात व मिस्त्री बोल्ट सैल करून ते बहुधा सरळ करतो. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत गाडी आडवी होतांच इंजिन आपोआप बंद करणारी योजना असते. अशी गाडी उभी केल्यावर किल्ली एकदां बंद करून पुन्हां चालू करावी लागते. हें ठाऊक नसल्यामुळें चांगली गाडी 'बिघडली' म्हणून टेंपोंत घालून आणली जाते.

नुकसानीला आळा घालण्यासाठीं लेगगार्ड आणि हाताचे मजबूत गार्ड बसवितात. ते घ्यावेत, मात्र लेगगार्ड म्हणजे केवळ वांकविलेली नळी नव्हे. तिच्यावर आलेला धक्का ती जेथें बसविली आहे तेथें पोंचतो, आणि जागा चुकीची असेल तर स्वस्त नळी वांचते व महाग सांगाडा वांकतो. सामानासाठीं पत्र्याच्या पेट्यांपेक्षां कापडी पिशव्या आम्ही पसंत करूं. पेटीच्या कोपऱ्याखालीं सांपडलेला पाय आणि पिशवीखालीं सांपडलेला पाय यांत फार अंतर आहे. विम्याविषयींही दोन शब्द. कायद्यानें सक्तीचा असलेला विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. आपल्या गाडीची तुटफूट त्यांत येत नाहीं. ती ज्यांत येते असा विमा असला, तरी वर्षभर कांहीं मागणी न केल्यास स्वतःच्या गाडीपुरत्या हप्त्यांत पुढील वर्षीं मिळणारी २० टक्क्यांची सूट, जी पांच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती एका आरशापायीं घालवावी कीं काय याचा हिशेब आधीं करावा.

वजनाचा धडा मोठमोठ्यांनाही चुकलेला नाहीं. २००४ सालीं इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला गेले, ते जड जर्मन गाड्यांवर. मंगोलियाच्या चिखलांत गाड्या पुन्हां पुन्हां पडल्या, सांगाड्याला तडे गेले, आणि त्यांच्या छायाचित्रकारानें अखेर तेथेंच एक लहानशी रशियन मोटारसायकल विकत घेऊन प्रवास पुढें चालविला. पैसा, यंत्रज्ञ, सोबतीची मोटार सर्व असून ही गत. मग पांदणींत एकट्या सांपडलेल्या तरुणाची काय कथा?

पडलेली गाडी उचलण्याचीही रीत आहे. प्रथम किल्ली बंद करावी व पेट्रोल गळत नाहीं ना तें पाहावें. गाडी उजव्या अंगावर पडली असल्यास आधींच डावीकडचें स्टँड उघडून ठेवावें, नाहींतर उचललेली गाडी पलीकडच्या बाजूला पडते. गिअर घालावा, म्हणजे चाक सरकत नाहीं. हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवावें. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवून बसावें, एका हातानें हँडलाची खालची मूठ व दुसऱ्यानें मागचा सांगाडा धरावा, आणि पाठ ताठ ठेवून, लहान लहान पावलें मागें टाकीत, मांड्यांच्या बळावर उठावें. सायलेन्सरला हात लागूं देऊं नये. पुढें वांकून हातांनीं ओढणारा मनुष्य गाडी उचलो न उचलो, कंबर मात्र धरून बसतो.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट घरांत बोलावयाची आहे. गाडी कलली कीं तरुण तिच्याखालीं पाय घालतो, तो कां? वजन झेपेल या भ्रमानें, हें खरें. पण पुष्कळदां त्या क्षणीं त्याच्या डोळ्यांपुढें वडिलांचा चेहरा असतो. एकत्र कुटुंबाच्या पैशांतून आलेली वस्तु. तिच्यावर ओरखडा उमटला तर आजोबा काय म्हणतील, काका काय म्हणतील, या धास्तीनें तो दोनशें किलोंच्या लोखंडाला आपला घोटा देतो. लिव्हर तुटली तर कांहीं शें रुपयांत नवी येते. घोट्याचें हाड सांधण्यास महिने लागतात, आणि परीक्षा, नोकरी, घरची कामें हीं तोंवर थांबून राहत नाहींत.

तेव्हां गाडी घेण्यापूर्वीं एक कसोटी लावावी. ओळखीच्या कोणाची तशीच गाडी हिरवळीवर हलकेच आडवी घालून चिरंजिवांना ती एकट्यानें दोनदां उभी करावयास सांगावी. न जमल्यास हलकी गाडी पाहावी. तिनें औंढ्याचा नागनाथ दूर जात नाहीं. आणि जमल्यास, किल्ली हातांत देतांना घरांतील वडील माणसानें सर्वांच्या देखत एवढें अवश्य सांगावें : "बाळ, गाडी पडूं लागली तर पडूं दे. तूं बाजूला हो. आम्ही एक शब्द बोलणार नाहीं." आणि पुढें तो प्रसंग आल्यावर खरोखरच बोलूं नये.