बाण सुटण्यापूर्वी

ऑलिम्पिकच्या तिरंदाजीत लक्ष्य ७० मीटरवर असते. तबकडीचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा १२.२ सेंटिमीटर. एवढ्या अंतरावर बाणाची दिशा एका अंशाने चुकली तर तो सव्वा मीटर बाजूला जातो, म्हणजे तबकडीलाही लागत नाही. दोरी ओढून हनुवटीपाशी आणल्यावर बाणाचे मागचे टोक नेहमीच्या जागेपासून एक मिलिमीटर सरकले, तर लक्ष्यावर हा फरक सुमारे दहा सेंटिमीटरचा होतो आणि दहाचा बाण नवावर जातो. ही चूक बाण सोडताना दुरुस्त करता येत नाही. म्हणून तिरंदाजीचे शिक्षण नेम धरण्यापासून सुरू होत नाही, उभे राहण्यापासून होते. गोल्फमध्येही खेळाडू लक्ष्याकडे खांदा करून आडवा उभा राहतो आणि फटक्याची दिशा बरीचशी त्याच्या उभे राहण्यात ठरलेली असते. तिरंदाजीत हे आणखी काटेकोरपणे लागू पडते, कारण इथे एकच क्रिया दिवसभरात शेकडो वेळा, जराही फरक न करता करायची असते.

विदर्भाला या खेळाचे अलीकडच्या काळातले मोठे यश पाहायला मिळाले आहे. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याच्या प्रकारात जगज्जेता झाला. अंतिम फेरीत त्याने १५० पैकी १५० गुण मिळवले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात. कंपाउंडचे लक्ष्य ५० मीटरवर असते आणि त्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. एका गुणाने जिंकल्या-हरल्या जाणाऱ्या या सामन्यांत ताकद किंवा धाडस निर्णायक ठरत नाही. पंधरावा बाणही पहिल्या बाणासारखाच मांडता येणे, हेच निर्णायक ठरते.

विदर्भातल्याच चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत धनुष्य परके नाही. भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया गोंडांकडे बांबूचे धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मध्य भारतातल्या या धनुष्यांना दोरीही अनेकदा बांबूच्याच चिवट कामटीची असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बेकायदा ठरली. धनुष्य मात्र घराच्या आढ्याला, सणावाराला आणि मुलांच्या खेळात उरले. अशा घरातल्या मुलाच्या हातात धनुष्य सहज बसते आणि दोरीचा ताण त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, ही मोठी शिदोरी आहे. पण जंगलातला बाण थोड्या अंतरावर, झाडाच्या आडोशाने, प्रसंगी गुडघा टेकून, नजरेच्या सवयीने मारायचा असतो आणि दर वेळी जागा वेगळी असते. मैदानावर अंतर ठरलेले, जागा ठरलेली आणि वेळही मोजलेली. त्यामुळे या मुलांना शिकवताना धनुष्य ओढायला नव्हे, तर पाय रोवायला शिकवावे लागते. भारतीय तिरंदाजीत ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर बाण मारतात. महागडे साहित्य न घेता मैदानावर उतरण्याची ही वाट आदिवासी मुलांसाठी फार मोलाची आहे.

बाण सोडण्यापूर्वीच्या या मांडणीची सुरुवात साहित्यापासून होते. धनुष्याला दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजतात. ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यात ते साधारण २० ते २३ सेंटिमीटर ठेवतात आणि रोज तेवढेच आहे ना, हे पाहतात. बांबूच्या धनुष्याला हा सोपस्कार अधिकच हवा. पावसाळ्यात बांबू ओल धरतो आणि दोरी चढवून तसेच ठेवले तर त्याला कायमचा वाक येतो. म्हणून सराव संपला की दोरी उतरवून ठेवायची. बाण न लावता दोरी ओढून सोडणे हा नवशिक्यांचा आवडता उद्योग. तो कटाक्षाने टाळायला हवा. बाणात जायची ऊर्जा अशा वेळी धनुष्याच्या पात्यांतच मुरते आणि पाते तडकते.

मग शूटिंग लाइन, म्हणजे बाण मारताना उभे राहायची रेषा. नियमाप्रमाणे खेळाडूने रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवायचा किंवा दोन्ही पाय रेषेवर ठेवायचे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा डावा खांदा लक्ष्याकडे असतो. दोन्ही पावले खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे सरळ पण ताठ आवळलेले नाहीत, वजन टाचांपेक्षा चवड्यांकडे थोडे जास्त. दोन्ही पायांची बोटे लक्ष्याच्या रेषेला टेकतील असे उभे राहणे ही सर्वांत सोपी पद्धत आणि नवशिक्याने तीच धरावी. पुढचा पाय थोडा मागे घेऊन छाती लक्ष्याकडे किंचित उघडी ठेवण्याची पद्धतही आहे. वाऱ्यात ती अधिक स्थिर वाटते, पण तिच्यात कंबर आणि खांदे वेगवेगळ्या दिशांना राहतात आणि ते सांभाळायला अंगात मुरलेला सराव लागतो. प्रशिक्षक पावलांभोवती चुन्याने खूण करायला लावतात ते याचसाठी. पुढच्या फेरीत खेळाडू लक्ष्याकडे न पाहता आधी त्या खुणांत पाय ठेवतो. पाय दोन बोटे सरकले तर वरचे सगळे शरीर वळते आणि मग हात ते वळण नकळत भरून काढू लागतो. थकल्यावर हात ते करीनासा होतो आणि बाण एका बाजूला जायला लागतात. अशा वेळी नवशिका नेम बदलतो. दोष मात्र पायांत असतो.

पाय ठरले की कंबर, पोट आणि छाती. पाठीचा कणा सरळ, कंबरेला पोक नाही, बरगड्या फुगवलेल्या नाहीत, दोन्ही खांदे खाली. धनुष्य उचलताना खांदा कानाकडे चढतो ही नवशिक्यांची सर्वांत हट्टी सवय. खांदा वर चढला की धनुष्याचा भार हाडांवर न येता स्नायूंवर येतो आणि काही सेकंदांत हात थरथरू लागतो.

बाण दोरीवर बसवताना त्याच्या तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे बाण सुटताना पिसे धनुष्याला घासत नाहीत. बाणाची खाच दोरीवर नीट बसली की बारीक ‘टक्‌’ असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आता दोन हात, आणि खरे कसब इथेच आहे. दोरी तीन बोटांनी धरतात, तर्जनी बाणाच्या वर आणि मधली व अनामिका खाली. दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात बसते. बोटे तिच्याभोवती आकड्यासारखी वळतात, पण मनगट आणि हाताची पाठ सपाट व सैल राहते. या पकडीत अंगठ्याला काहीच काम नसते, तो तळहातावर दुमडलेला असतो. अंगठ्याने दोरी ओढण्याची वेगळी परंपरा मंगोलिया आणि चीनकडे आहे. आज ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या पद्धतीत मात्र अंगठा गमावलेला एकलव्यही दोरी ओढू शकला असता. धनुष्याचा हात याच्या अगदी उलट चालतो. त्याने धनुष्य पकडायचेच नाही. मूठ अंगठ्याच्या बुडाच्या गादीवर, तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या आतल्या बाजूला टेकते आणि बोटे सैल राहतात. बाण सुटल्यावर धनुष्य हातातून पडू नये म्हणून बोटांना दोरीचा छोटा फास अडकवतात. मूठ आवळली तर बाण सुटण्याच्या क्षणी धनुष्य डावी-उजवीकडे पिळले जाते. कोपराचा आतला भाग उभा राहील असा हात फिरवायचा असतो. तो वर तोंड करून राहिला तर दोरी सुटताना हातावर सपकन बसते आणि हाताला आर्मगार्डचे संरक्षण नसेल तर निळा वळ उठतो. असा मार एकदा बसलेले मूल पुढच्या बाणाला हात आखडते, म्हणून कोपर फिरवायला आधीच शिकवणे आवश्यक असते.

यानंतर मान वळते. चेहरा लक्ष्याकडे पूर्ण वळवून हनुवटी स्थिर केली की डोके हलायचे नाही. दोरी तोंडाकडे येते, तोंड दोरीकडे जात नाही. धनुष्य वर उचलून दोरी पाठीच्या स्नायूंनी ओढत जबड्याखाली आणतात. हात जबड्याच्या हाडाला चिकटतो आणि दोरी हनुवटीला व नाकाच्या शेंड्याला स्पर्श करते. सुरुवातीचा एक मिलिमीटर इथेच सांभाळायचा असतो. डोळ्याने तो दिसत नाही, त्वचेच्या स्पर्शानेच कळतो. कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो, दोरीतल्या छोट्या छिद्रातून पाहता येते आणि नेम धरायच्या साइटवरचा पाण्याचा बुडबुडा धनुष्य कललेले नाही हे दाखवतो. बांबूच्या धनुष्यावर यापैकी काहीही नसते. म्हणून त्या खेळाडूला स्पर्शाचीच शिस्त अधिक कडक लागते, आणि ज्याने ती कमावली त्याला पुढे रिकर्व्हकडे वळणे सोपे जाते.

हे सगळे वेळेत व्हायला हवे. वैयक्तिक सामन्यात दोघे आळीपाळीने बाण मारतात तेव्हा प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. ती पुरेशी असतात, पण क्रम पक्का असेल तरच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, घामाने बोटे निसरडी होतात आणि दोरी ओढणाऱ्या बोटांवरचे आवरण, फिंगर टॅब, सरकते. म्हणून सराव पहाटे उरकतात आणि हात पुसणे हादेखील क्रमाचाच भाग धरतात. दोरी ओढल्यावर एखादी गोष्ट बिनसली, खांदा चढला, स्पर्श चुकला, तर बाण न सोडता दोरी हळूहळू परत सोडायची आणि पुन्हा पायांपासून सुरुवात करायची. नवशिक्याला याची लाज वाटते. पण चुकलेल्या मांडणीवर बाण सोडला की हात तीच चूक शिकतो, आणि शिकलेले पुसायला महिने लागतात. म्हणूनच पहिले काही आठवडे हलके धनुष्य देतात, लक्ष्य पाच-सात मीटरवर ठेवतात आणि त्यावर कागदी तबकडी लावतच नाहीत. गुण मोजायला नसले की मुलाचे लक्ष पायांवर, बोटांवर आणि हनुवटीवर राहते.