न दिसणारा शिकारी

कार्टून तुम्हां सर्वांना आवडते. पडद्यावरचा ससा धडपडला की आपण खळखळून हसतो. पण कार्टून पाहताना तुम्हांला कधी रडू आले आहे का? 'बॅम्बी' या चित्रपटाने लहानांना आणि मोठ्यांनाही रडवले आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या अमेरिकेतील स्टुडिओत तो तयार झाला आणि १९४२ साली प्रदर्शित झाला. त्यात एकही नट दिसत नाही. आहेत ती फक्त हाताने काढलेली चित्रे. मग कागदावरच्या हरणासाठी आपले डोळे का भरून येतात? चला, शोधू या.

बॅम्बी हे हरणाचे एक पाडस. व्हिएन्नात राहणारे लेखक फेलिक्स साल्टन यांनी त्याची गोष्ट जर्मन भाषेत लिहिली. ती १९२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चित्रपटात बॅम्बी जंगलात जन्मतो, आईबरोबर हिंडतो, थंपर नावाच्या सशाशी मैत्री करतो आणि हळूहळू मोठा होतो. कथा एवढी साधी आहे.

आता हे हरीण चालते कसे, ते पाहू. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्रात पाय थोडासा पुढे गेलेला असतो. चित्रे झरझर सरकली की आपल्या डोळ्यांना हालचाल दिसते. बऱ्याचदा एकच चित्र लागोपाठ दोनदा वापरतात. तरीही ७० मिनिटांच्या या चित्रपटासाठी हजारो चित्रे काढावी लागली. आधी कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचे, मग ते पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवायचे, मागच्या बाजूने रंग भरायचे आणि शेवटी जंगलाच्या रंगवलेल्या चित्रावर तो पत्रा ठेवून छायाचित्र घ्यायचे. हे काम किती चिकाटीचे होते, याची कल्पना करा.

हरीण खरे वाटावे म्हणून स्टुडिओत दोन जिवंत पाडसे आणली होती. ती कशी उभी राहतात, कान कसे टवकारतात, हे चित्रकार तासन्तास न्याहाळत. मार्क डेव्हिस या चित्रकाराने तर लहान बाळांच्या चेहऱ्यांचा अभ्यास केला आणि बाळाचे भाव पाडसाच्या चेहऱ्यावर उतरवले. बर्फावर घसरणारा बॅम्बी पाहा. त्याचे चारही पाय चार दिशांना जातात. आपण हसतो, पण त्याला मदत करावी असेही आपल्याला वाटते.

सर्वांत मोठी अडचण जंगलाची होती. सुरुवातीला चित्रकारांनी झाडाचे पान अन् पान रेखाटले. त्या गर्दीत हरीणच हरवून जाऊ लागले. ही अडचण टायरस वाँग या तरुणाने सोडवली. वाँग यांचा जन्म १९१० साली चीनमध्ये झाला. लहानपणीच ते वडिलांबरोबर अमेरिकेला आले. घरी अतिशय गरिबी होती. वडील त्यांना रोज सुलेखन, म्हणजे उर्दूत ज्याला खत्ताती म्हणतात ते, शिकवत. शाई परवडत नसे, म्हणून ते कुंचला पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर अक्षरे काढत. पुढे त्यांनी चीनमधील जुन्या निसर्गचित्रांचा अभ्यास केला. १९३८ साली ते डिस्ने स्टुडिओत कामाला लागले. तेथे दोन मुख्य चित्रांमधली चित्रे भरून काढायचे काम त्यांच्याकडे होते.

'बॅम्बी'ची तयारी चालू आहे हे कळताच वाँग यांनी जंगलाची काही चित्रे काढून दाखवली. त्यांत पाने मोजता येत नव्हती. थोडे धुके, थोडा प्रकाश, दोन-चार खोडे आणि मधोमध लहानसे हरीण! पण ते पाहताच पहाटेचा गारवा जाणवे. डिस्ने यांना ही चित्रे फार आवडली. सबंध चित्रपटाचे जंगल याच पद्धतीने रंगवायचे ठरले. जे रंगवलेले नाही, ते पाहणाऱ्याचे मन भरून काढते, हे वाँग यांना ठाऊक होते.

चित्रपटातील सर्वांत दुःखद प्रसंगातही हेच घडते. हिवाळा सरत आलेला असतो. कोवळे गवत खाताना आईला धोक्याची चाहूल लागते. ती बॅम्बीला पळायला सांगते. दोघे धावतात. गोळीचा आवाज येतो. बॅम्बी सुखरूप पोहोचतो, मागे वळून पाहतो, तर आई नाही! बर्फ पडू लागतो आणि ते लहान पाडूस आईला हाका मारत फिरते. येथे रक्त दिसत नाही. आईचे शरीर दिसत नाही. शिकारी तर संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. म्हणूनच त्याची भीती जास्त वाटते आणि आईची उणीव बॅम्बीइतकीच आपल्यालाही जाणवते.

पण जंगलाला हे रूप देणाऱ्या वाँग यांचे पुढे काय झाले? १९४१ साली स्टुडिओत संप झाला. वाँग संपात सामील नव्हते, तरी त्यानंतर त्यांना कामावरून कमी करण्यात आले. चित्रपटाच्या नामावलीत त्यांचे नाव केवळ पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांमध्ये आले. त्यांचा खरा वाटा किती मोठा होता, हे प्रेक्षकांना कित्येक वर्षे कळलेच नाही. २००१ साली डिस्ने कंपनीने त्यांचा सन्मान केला, तेव्हा ते नव्वदीत होते. २०१६ साली, वयाच्या १०६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, चांगला चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा मात्र थोडे थांबून स्वतःला विचारा : येथे काय दाखवले आहे आणि काय मुद्दाम दाखवलेले नाही? आणि पडद्यावर नावे येऊ लागली की लगेच उठू नका. ती वाचा. त्या लहान अक्षरांत एखादा टायरस वाँग असू शकतो.