तोरणमाळला कॅमेरा नेताय? मग रानपिंगळ्यासाठी सकाळ राखून ठेवा!

तोरणमाळ म्हटलं की लोक यशवंत तलाव आणि सीताखाईचे फोटो काढून परततात. माझ्या मते खरी मजा खालच्या सागाच्या जंगलातल्या रानपिंगळ्यात आहे.

हा मूठभर पिंगळा पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूमने 1873 मध्ये जगासमोर आणला. 1884 नंतर त्याचा खात्रीलायक नमुनाच मिळेना. मधला 1914 चा एक नमुना होता, पण तो मायनर्टझहागेन या साहेबाने संग्रहालयातून लंपास करून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला! ही लबाडी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ जिवंत पक्षीच शोधून काढला. पुढच्या पाहणीत तो तोरणमाळच्या जंगलातही दिसला.

ओळखायचा कसा? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो आणि शेपटी झटकत राहतो. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी, पानगळ झाल्यावर जा. 400 मिमीची लेन्स पुरते, सूर्य पाठीशी घ्या. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, ढोलीजवळ तर फिरकूच नका. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या, वनखात्याला आधी विचारा.

दुपारी उजेड कडक झाला की सातपायरी घाट चढून वर या. सीताखाईसाठी वाइड लेन्स हवी. तिथला धबधबा मात्र पावसाळ्यातच.