घरी शिकणाऱ्या मुलांचे विज्ञान: अभ्यासक्रम कसा निवडावा?

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम पालकांनाच ठरवावा लागतो. तो ठरवताना मुलाचे वय, शिकण्याची भाषा आणि पुढे द्यायची परीक्षा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

साधारण दहा वर्षांपर्यंत विज्ञान हा वेगळा विषय करण्याची गरज नसते. बालभारतीच्या तिसरी ते पाचवीच्या पुस्तकांतही तो ‘परिसर अभ्यास’ म्हणूनच येतो. या वयात निरीक्षण, मोजमाप, वर्गवारी आणि चित्रे यांवर भर हवा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला याच दृष्टीने तयार झाली आहे.

पुढच्या तीन-चार वर्षांत प्रयोगांना शिस्त यावी लागते. मध्य प्रदेशात 1972 ते 2002 या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची ‘बाल वैज्ञानिक’ ही हिंदी पुस्तके येथे उपयोगी पडतात. सहावी ते आठवीसाठीच्या या पुस्तकांत स्वस्त साहित्यातून प्रयोग करायचे असतात आणि निष्कर्ष मुलांनीच काढायचा असतो. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे दाखवणारी अरविंद गुप्ता यांची पुस्तके मराठीतही आहेत.

एखादे पुस्तक पारखायचे असेल, तर त्यातला मेणबत्तीचा प्रयोग काढून पाहावा. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घातला, की ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. प्रत्यक्षात ग्लास ठेवताना तापलेल्या हवेचे बुडबुडे कडेने बाहेर पडताना दिसतात आणि पाणी चढते ते मुख्यतः ज्योत विझल्यावर. आतली हवा थंड होऊन तिचा दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर जाते, ग्लासातला ऑक्सिजन मात्र तेवढाच असतो. मुलाला तिसरी मेणबत्ती लावून पाहायला सांगणारे पुस्तक चांगले. ठरीव उत्तर पाठ करून घेणारे टाळावे.

दहावीच्या सुमारास परीक्षेचा विचार अटळ होतो. 1989 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीच्या पातळीची परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून 17 नंबरचा फॉर्म भरून देता येते. प्रवेशाच्या अटी आणि प्रात्यक्षिकांचे नियम मात्र आधीच तपासावेत. परीक्षा ठरली, की किमान वर्षभर आधी त्या मंडळाचीच पुस्तके हाती घ्यावीत.

तोपर्यंत पालकांनी पाठ्यपुस्तक संपवण्याची घाई करू नये. वर्षभरात नीट केलेले, नोंदवलेले आणि समजलेले वीस प्रयोग वाचून संपवलेल्या चार पुस्तकांपेक्षा मुलाला अधिक विज्ञान देतात.