आमंत्रण घेऊन गेलेले धर्मगुरू

बँकेच्या कर्जविभागात असताना मोटारसायकलच्या कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या हाताखालून गेले. अर्जदार विशीतला मुलगा आणि जामीनदार त्याचे वडील. सही करताना वडिलांचा हात क्षणभर थांबे. हप्ते फेडण्याची ऐपत त्यांना असे. चिंता वेगळीच असे. आपल्या व्यापारी कुटुंबांत हा प्रसंग आजही घडतो. मुलगा गाडी मागतो, वडील अपघाताची, संगतीची आणि दुकानाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची भाषा बोलतात आणि संवाद तेथेच खुंटतो. अशा वेळी मला लंडनमधील एका मोटारसायकल क्लबाच्या आरंभकाळाचे स्मरण होते.

पूर्व लंडनमधील हॅकनी विक ही कामगारांची वस्ती. तेथील 'ईटन मिशन'मध्ये जॉन ओट्स या तरुण धर्मगुरूंनी १९५९ साली युवकांसाठी एक क्लब सुरू केला. स्थापनेच्या वर्षावरून त्याला 'फिफ्टीनाइन क्लब' हे नाव पडले. लोकप्रिय गायक क्लिफ रिचर्ड उद्घाटनास उपस्थित होते. मोटारसायकलींशी या क्लबाचा तेव्हा काहीही संबंध नव्हता. तो जुळला बिल शेरगोल्ड यांच्यामुळे. तेही तेथील धर्मगुरू; मात्र स्वतः ट्रायम्फ मोटारसायकलवरून फिरणारे.

तो काळ मोठ्या बदलाचा होता. महायुद्धानंतरची टंचाई सरली होती, तरुण कामगारांच्या हाती पगार खुळखुळू लागला होता आणि हप्त्याने गाडी घेणे शक्य झाले होते. वायव्य लंडनमध्ये नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 'एस कॅफे' नावाचे उपाहारगृह होते. १९३८ साली मालमोटारींच्या चालकांसाठी उघडलेले हे ठिकाण आता मोटारसायकलस्वारांचा अड्डा बनले होते. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हा वेग गाठणे ही तेथील प्रतिष्ठा. शिरस्त्राणाची सक्ती ब्रिटनमध्ये १९७३ साली आली. तोवर ते घालणे वा न घालणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. तरुण मुले रस्त्यावर प्राण गमावत होती. वृत्तपत्रे त्यांच्यावर कोरडे ओढत होती आणि चामडी जाकीट दिसताच अनेक उपाहारगृहे दार लावून घेत होती. शिकाऊ चालकांना २५० सीसीहून मोठी गाडी चालवण्यास सरकारने १९६१ पासून मनाई केली. नियम आवश्यकच होता. परंतु त्या मुलांशी बोलायला कोणी जात नव्हते.

शेरगोल्ड गेले. १९६२ साली त्यांनी मोटारसायकलस्वारांसाठी चर्चमध्ये खास प्रार्थनासभा योजली आणि तिचे आमंत्रण देण्यासाठी ते एस कॅफेकडे निघाले. धर्मगुरूची पांढरी कॉलर त्यांनी गळपट्ट्याखाली झाकली होती. ही मुले आपली फजिती करतील, अशी त्यांना धास्ती होती. कॅफे समोर दिसताच धीर सुटला आणि गाडीचा वेग वाढवून ते पुढे निघून गेले, अशी आठवण सांगितली जाते. तरीही ते पुन्हा तेथे गेले. मुलांनी त्यांना हुसकावले नाही. उलट त्यांच्याशी मनमोकळ्या गप्पा मारल्या. प्रार्थनासभेला ती मुले आली आणि मोटारसायकली चर्चच्या आत उभ्या राहिल्या. त्यातून फिफ्टीनाइन क्लबाचा मोटारसायकल विभाग जन्मास आला. चहा-कॉफी, संगीत, खेळ आणि गाड्यांच्या गप्पा, एवढेच त्याचे भांडवल. तेथे यायला जाकीट उतरवून ठेवण्याची अट नव्हती.

१९६४ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावांत मोटारसायकलवाल्या 'रॉकर्स' आणि स्कूटरवाल्या 'मॉड्स' तरुणांच्या हाणामाऱ्या झाल्या. मोटारसायकलस्वारांची अब्रू रसातळाला गेली, तरी क्लबाचे दार उघडेच राहिले. शेरगोल्ड यांची नेमणूक पॅडिंग्टनला झाली, तेव्हा क्लबही तिकडे गेला आणि सभासदांची संख्या हजारांवर पोहोचली. एस कॅफे १९६९ साली बंद पडले (२००१ मध्ये ते पुन्हा उघडले). क्लब मात्र आजही टिकून आहे.

क्लबामुळे अपघात थांबले, असे मी म्हणणार नाही. वेगाची ओढ आमंत्रणाने नाहीशी होत नाही. परंतु रस्त्यावरच्या मुलांना एक वडीलधारा माणूस लाभला, ज्याला गाडी कळत होती आणि ज्याच्याशी बोलता येत होते. कर्ज देताना आम्ही तारण पाहत असू. विश्वासाला मात्र तारण नसते. तो आधी मोठ्यांनीच गुंतवावा लागतो, परताव्याची हमी नसतानाही.

म्हणून जामीनदाराच्या रकान्यात सही करण्यापूर्वी वडिलांनी एक करावे. दोघांनीही शिरस्त्राण घालावे आणि एखाद्या रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, मुलाच्या मागे बसून गावाबाहेर फेरफटका मारून यावे. मुलगा गाडी कशी चालवतो ते कळेल. आणि परतताना चहाच्या टपरीवर थांबलात, तर तो काय बोलू पाहत होता, तेही कळेल.