दरीतला माणूस वर काढायचा, पण खर्च कोणी सोसायचा?

मंडळी, आषाढ-श्रावणातली एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पोटातली एक वाडी. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली माणसे नुकती घरी आली आहेत. चुलीवर भाकरी आहे. तेवढ्यात शहराकडची दोन पोरे धापा टाकीत अंगणात येतात. "दादा, आमचा मित्र नाळेत पडलाय, पाय मोडलाय, काहीतरी करा."

अशा वेळी वाडीत काय होते ते तुम्हांला सांगायला नको. भाकरी तशीच राहते. कोणी बॅटरी घेतो, कोणी दोर, कोणी कोयता, कोणी घोंगडी. पोलीस पाटलांना निरोप जातो. पाच-सहा गडी धुक्यात उतरतात. बांबूला चादर बांधून डोली करतात आणि शेवाळलेल्या दगडांवरून त्या पोराला पहाटेपर्यंत खाली आणतात. पोर रुग्णवाहिकेतून निघून जाते. वाडीतली माणसे मात्र दुसऱ्या दिवशी लावणीला जाऊ शकत नाहीत. त्या दिवसाची मजुरी बुडते, दोर झिजतो आणि एखाद्याचा गुडघा सुजतो.

आजचा आपला प्रश्न इथे सुरू होतो. रानावनात, डोंगरदऱ्यांत हरवलेल्या किंवा अडकलेल्या माणसाला शोधून सोडवण्याचा खर्च कोणी सोसावा? ज्याला सोडवले त्याने, की सरकारने, की जे हौसेने डोंगरात जातात त्या सगळ्यांनी मिळून? आज हा खर्च कोणीच ठरवून सोसत नाही. जो सर्वांत जवळ असतो त्याच्या माथी तो पडतो, आणि जवळ असतात ती वाडीतली माणसे किंवा तालुक्याच्या गावची हौशी गिर्यारोहक मंडळी.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सरकार आहे की! खरे आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी प्राधिकरणे आली. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, आणि त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. ही माणसे निष्णात आहेत. पण निरोप पोहोचून, गाड्या निघून, पायथा गाठून वर चढेपर्यंत तास निघून जातात, आणि दरीत पडलेल्याचे आयुष्य त्याच तासांवर अवलंबून असते.

दोन घटना सांगतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरकडे सहलीला निघालेली बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. एकच माणूस वाचला, आणि त्यानेच वर चढून येऊन खबर दिली. धुक्यात आणि पावसात त्या दरीत दोर लावून उतरले त्यांत महाबळेश्वर-पोलादपूरकडची ट्रेकर मंडळी पुढे होती. हे काम त्यांच्या पोटापाण्याचे नव्हते.

दुसरी घटना १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि माणसांनी हातांनी माती उपसली. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने गेले. सोडवायला जाणाऱ्याच्या जिवालाही किंमत मोजावी लागते, ती अशी.

म्हणून खर्च म्हणजे नुसते पेट्रोल-डिझेल नव्हे. त्याचे चार भाग आहेत. पहिला, माणसांचा बुडालेला रोज. दुसरा, साहित्य. कड्यावर वापरायचा दोर हा विहिरीवरच्या सोलासारखा वर्षानुवर्षे चालत नाही. त्याने एकदा मोठा हिसका सोसला किंवा दगडावर घासून त्याचे वरचे कवच फाटले, की तो बाद करावा लागतो. तिसरा, गाडी, डोली, औषधोपचार. आणि चौथा, जो आपण कधी हिशेबात धरीतच नाही, तो म्हणजे सोडवायला गेलेला माणूस स्वतःच जायबंदी झाला तर त्याच्या घराचे काय.

आता इतर देशांनी हा गुंता कसा सोडवला ते पाहू. त्यात आपल्याला घेण्यासारखे आहे आणि टाळण्यासारखेही आहे.

फ्रान्समध्ये पूर्वी हे काम डोंगरातले वाटाडे आणि हौशी मंडळे करीत. १९५६ च्या डिसेंबरात व्हँसाँदाँ आणि आँरी हे दोन तरुण माँ ब्लाँ पर्वतावर हिमवादळात सापडले. त्यांना आणायला निघालेले हेलिकॉप्टर बर्फात कोसळले. त्यातले वैमानिक आणि इतर माणसे वाचवता आली, पण ते दोघे तरुण वरच राहिले आणि तिथेच मेले. जबाबदारी नक्की कोणाची, यावर देशभर काहूर उठले. त्यानंतर १९५८ साली तिथल्या सरकारने हे काम व्यवस्था लावून आपल्याकडे घेतले. आज फ्रान्सच्या उंच पर्वतांत सरकारी पथक माणसाला सोडवते ते फुकट.

स्वित्झर्लंडने निराळी वाट धरली. तिथे १९५२ साली हवाई बचावाची एक संस्था निघाली. सरकारी अनुदान मिळेना, तेव्हा १९६६ पासून तिने लोकांनाच आश्रयदाते होण्याची हाक दिली. वर्षाला थोडी वर्गणी द्यायची, आणि पुढे कधी संकट आले व विम्याने खर्च दिला नाही, तर संस्था आश्रयदात्याचे बिल माफ करू शकते. आज तिचे पस्तीस लाखांवर आश्रयदाते आहेत. आपल्याकडे भिशी चालते किंवा गावकीची वर्गणी निघते, त्यातलाच हा प्रकार समजा.

इंग्लंडात डोंगरी बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत. जबाबदारी पोलिसांची, प्रत्यक्ष काम स्वयंसेवकांचे, पैसा बहुतांशी देणग्यांचा. सोडवलेल्या माणसाकडून ते एक पैही घेत नाहीत.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर या डोंगराळ राज्यात मात्र बिल पाठवतात. तिथे हे काम मासेमारी व शिकार खात्याकडे आहे. नावा आणि बर्फावरच्या गाड्या यांच्या नोंदणीतून एकेक डॉलर काढून त्यांनी निधी उभा केला. पण सोडवावे लागे ते बहुधा पायी भटकणाऱ्यांना, आणि त्यांनी त्या निधीत काहीच घातलेले नसे! म्हणून १९९९ साली तिथे कायदा झाला, की जो बेदरकारपणे वागून अडकला त्याच्याकडून खर्च वसूल करावा. २००८ साली तो आणखी कडक झाला, आणि नुसता निष्काळजीपणाही पुरेसा ठरला. पुढे एका तरुणाला पंचवीस हजार डॉलरांवर बिल गेले आणि फार गवगवा झाला. मग २०१५ पासून त्यांनी एक कार्ड काढले. वर्षाला माणशी २५ डॉलर, कुटुंबाला ३५ डॉलर. कार्डवाल्याने निष्काळजीपणा केला तरी बिल माफ, पण जाणूनबुजून बेदरकारी केली तर माफी नाही.

ऐकायला हे न्यायाचे वाटते. "ज्याने करावे त्याने भरावे" ही आपलीही म्हण आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतल्या डोंगरी बचाव पथकांची जी संघटना आहे, तीच बिल पाठवण्याच्या विरुद्ध आहे. खस्ता खाणारेच पैसे नको म्हणतात, हे कसे?

त्याचे कारण साधे आहे. बिलाची धास्ती असली की माणूस मदत मागायला उशीर करतो. दुपारी चारला पाय मुरगळला तेव्हाच हाक मारली, तर उजेड असतो आणि काम दोन तासांत उरकते. तो मात्र "बघू, निघेल वाट" म्हणून थांबतो. अंधार पडतो, पाऊस वाढतो, बरोबरचे लोक स्वतःच शोधायला जातात आणि तेही अडकतात. एकाचे चार होतात, आणि रात्रीच्या काळोखात कड्यावर उतरावे लागते ते सोडवणाऱ्यांना. म्हणजे बिलाचा धाक अडकलेल्याला बसतो, पण धोका सोडवणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

दुसरे असे, की रानात काही फक्त हौसेने जाणारेच जात नाहीत. गुराखी जातो, मध काढणारा जातो, लाकूडफाटा आणि करवंदे गोळा करणाऱ्या बायाबापड्या जातात. "सोडवल्याचे पैसे भरा" असा सरसकट नियम झाला, तर शहरातला पगारदार ते भरील, आणि कड्याखाली शेळी शोधायला उतरलेल्या पोराच्या बापाला कर्ज काढावे लागेल.

तिसरा धडा नेपाळचा. तिथे परदेशी गिर्यारोहकांचे विमे असतात आणि हेलिकॉप्टरचे पैसे विमा कंपन्या देतात. पण २०१८ साली तिथल्या सरकारने चौकशी केली, तेव्हा किरकोळ दुखण्याला हेलिकॉप्टर बोलावणे, एकाच फेरीचे पैसे अनेकांच्या विम्यातून काढणे, असले उद्योग उघडकीला आले. म्हणजे विमा चांगला, पण त्यावर लक्ष ठेवणारा कोणी हवा.

मग आपण काय करावे? माझे मत सांगतो. ते तपासून घ्या.

पहिली गोष्ट, सोडवण्याच्या वेळी पैशाचा शब्द निघता कामा नये. विहिरीत कोणी पडला तर तो कसा पडला हे आपण काठावर उभे राहून विचारीत नाही. आधी वर काढतो, कांबळे पांघरतो, चहा पाजतो आणि मग कानउघाडणी करतो. हा गावचा जुना न्यायच बरोबर आहे.

दुसरी गोष्ट, शिक्षा आणि खर्च यांची गल्लत करू नये. पावसाळ्यात धोक्याच्या धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकारी बंदीहुकूम काढतात. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली निघतो. तो मोडून कोणी गेला तर त्याच्यावर कायद्याने खटला व्हावा. तो हुकूम मोडल्याचा दंड असावा. सोडवल्याचे बिल मात्र नसावे, आणि दंड किती ते कोर्टाने ठरवावे, दरीच्या काठावर कोणी ठरवू नये.

तिसरी गोष्ट, जे माणशी पैसे घेऊन डोंगरात नेतात त्यांनी आपला भार उचलावा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात अशा आयोजकांना नोंदणीचे बंधन आहे. शंभर माणसांची गर्दी गडावर न्यायची, नफा घ्यायचा, आणि अडचण आली की वाडीला हाक मारायची, हे चालू देऊ नये. आयोजकाने सहभागी लोकांचा विमा काढावा, आणि सोडवणाऱ्यांचा खर्च त्यातून निघावा.

चौथी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी पायथ्याला गाडीतळाची किंवा प्रवेशाची पावती फाडतात. तिच्यातला थोडा वाटा गावच्या बचाव-पेटीसाठी बाजूला ठेवावा. पेटीत चांगले दोर, शिरस्त्राणे, घडीची डोली, बॅटऱ्या आणि प्रथमोपचाराचे सामान असावे. सगळे थोडेथोडे देतील, तर एकावर भार पडणार नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सरकारचीच आहे. जो दरीत उतरतो त्याचा विमा आणि बुडालेला रोज सरकारने द्यावा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये, म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. पण ते मोटार अपघातापुरते आहे. कड्यावरून घसरलेल्याला खांद्यावर आणणाऱ्या वाडीतल्या माणसालाही तसेच अभय हवे. त्याची मजुरी बुडवून आणि त्याच्या पोराबाळांना वाऱ्यावर ठेवून आपण माणुसकीचे गोडवे गात राहिलो, तर ती माणुसकी आपण त्याच्याकडून फुकट उकळली असेच म्हणावे लागेल.

गुरुजी, आता दोन शब्द तुमच्याशी. गडावर सहल नेणार असाल, तर मुलांची नावे आणि परतण्याची वेळ लिहून एक कागद शाळेत ठेवा, दुसरा पायथ्याच्या पोलीस पाटलांकडे द्या. वाडीतला वाटाड्या घ्या, आणि त्याला ठरवून मोबदला द्या. अंधारापूर्वी खाली या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या, आणि वाट चुकल्यास पळत न सुटता एका जागी बसून ती थांबूनथांबून वाजवायची, हे आधी शाळेच्या मैदानात शिकवा. ११२ आणि १०८ हे आकडे पाढ्यासारखे पाठ करून घ्या. माणूस नेमका कुठे आहे हे ठाऊक असले, म्हणजे शोधाचे तास वाचतात, आणि न हरवलेल्या मुलाला शोधायचा खर्च शून्य असतो.

आणि वाडीतल्या मंडळींनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा. दोर कोणाकडे आहे, कड्याची माहिती कोणाला आहे, डोली कोण बांधतो, यांची यादी करा. कोण किती वेळा उतरला आणि काय खर्च झाला, याची नोंदवही ठेवा. आजवर ही गोष्ट कोणी लिहूनच ठेवली नाही, म्हणून तिची किंमत कोणाला कळली नाही. वही घेऊन तुम्ही तहसीलदारांपुढे उभे राहिलात, म्हणजे बोलणे सोपे जाईल.

दरीतून हाक आली की तुम्ही उतरणारच, हे मला ठाऊक आहे. तुम्ही उतराल तेव्हा वर दोर धरायला कोणीतरी असले पाहिजे, आणि तो दोर सगळ्या समाजाने धरायचा आहे.